दुबई-शारजात नोकरीला येताय? पहिल्या दोन महिन्यांचा क्रम

दुबईत नव्याने आलेल्या माणसाचे पैसे पहिल्या दोन महिन्यांत वाया जातात, ते महागाईपेक्षा क्रम चुकल्यामुळे. चेकबुक नसताना चार चेकचा भाडेकरार ठरतो, एमिरेट्स आयडी, म्हणजे इथलं सरकारी ओळखपत्र, यायच्या आधीच बँकेच्या फेऱ्या सुरू होतात, लग्नाच्या दाखल्यावर शिक्के नसताना बायकोचं तिकीट निघतं. इथलं प्रत्येक काम आधीच्या कामाच्या कागदावर उभं असतं, म्हणून खाली सगळं त्याच क्रमाने दिलं आहे. हिशेब पगारी नोकरीवर दुबई किंवा शारजात येणाऱ्याचा आहे.

निघण्यापूर्वी

सगळ्यात आधी व्हिसा बघा. हातात ‘एम्प्लॉयमेंट एन्ट्री परमिट’ हवा. ‘आत्ता विजिटवर ये, तिकडे बदलून देऊ’ असं एजंट म्हणाला, तर तिथेच थांबा. विजिट व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. पगार बुडाला तर दाद मागायला हातात करारच नसतो, आणि मुदत संपल्यावर दिवसाला ५० दिरहॅम दंड चढत जातो. व्हिसा, वर्क परमिट आणि भरतीचा खर्च यूएईच्या कायद्याने मालकाने करायचा असतो. तो पगारातून कापून घेणंही चालत नाही. भारतात नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढीच फी घेता येते. ‘व्हिसाचे दीड लाख’ मागणारा नोकरी देत नसतो, विकत असतो.

दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट सहसा ‘ईसीआर’ असतो. अशांना नोकरीसाठी यूएईला जाताना भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून परवानगी लागते आणि प्रवासी भारतीय विमा योजनेची १० लाखांची पॉलिसी घ्यावी लागते. हे टाळून विजिटवर पाठवणारे दलाल कोकणात, मराठवाड्यात गावोगाव सापडतात.

मग कागदांचे शिक्के. यूएई अपोस्टिल, म्हणजे अनेक देशांत चालणारा कागदपत्रांचा एकच शिक्का, मानत नाही, त्यामुळे ओमानसाठी चालणारा रस्ता इथे चालत नाही. डिग्री असो की लग्नाचा दाखला, क्रम एकच: राज्य सरकारचा शिक्का, दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, यूएईच्या वकिलातीचा शिक्का, आणि इथे आल्यावर इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा. कुटुंब सहा महिन्यांनी आणायचं असलं तरी लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले आत्ताच करून ठेवा. इथे आल्यावर कुरियरने हे काम करायचं म्हणजे वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात. नाव पासपोर्टवर, डिग्रीवर आणि लग्नाच्या दाखल्यावर एकाच पद्धतीने लिहिलेलं आहे ना, हे अक्षर-अक्षर ताडून पाहा. आपल्याकडे मधलं नाव कधी असतं, कधी नसतं. इथल्या काउंटरवर ते दोन वेगळे माणूस ठरतात.

छातीचा एक्स-रे गावीच काढून घ्या. इथे आल्यावर रक्ताची तपासणी आणि एक्स-रे होतो. जुन्या टीबीचा डाग दिसला तर पुढच्या तपासण्या लागतात आणि नव्याने येणाऱ्याचा व्हिसा अडू शकतो. नोकरी सोडून, निरोप समारंभ उरकून आल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

बॅगेत काय नको

खसखस. हा एक शब्द मराठी घराने भिंतीवर लिहून ठेवावा. यूएईत खसखस ही बंदी असलेली वस्तू आहे. तिच्याकडे अमली पदार्थाच्या नजरेने पाहतात. अनारशाला लावलेली, करंजीच्या सारणात घातलेली, भाकरवडीत भुरभुरलेली, घरच्या मसाल्यात कुटलेली, कुठलीही चालत नाही. आईने डबा भरताना प्रेमाने काय काय घातलंय, ते प्रत्येक पदार्थाबद्दल विचारून घ्या आणि मसाल्याची पुडी ‘त्यात काय आहे’ हे माहीत नसेल तर ठेवून या. गुटखा आणि पानाच्या पुड्याही नकोत.

औषधांचंही तसंच. ट्रॅमाडॉल आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधं आपल्याकडे चिठ्ठीवर सहज मिळतात. इथे ती नियंत्रित यादीत आहेत आणि आधी ऑनलाइन परवानगी घेतल्याशिवाय आणता येत नाहीत. झोपेच्या आणि मानसोपचाराच्या गोळ्यांबद्दलही यादी तपासा. बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणा. शेजाऱ्याच्या नातेवाइकासाठी दिलेलं बंद पार्सल मात्र घेऊ नका. नाही म्हणताना संकोच वाटला तरी चालेल.

आणायच्या गोष्टी थोड्याच: तीन चौकोनी पिनांचे दोन अडॅप्टर (भारतीय प्लग इथल्या सॉकेटमध्ये बसत नाही), पांढऱ्या पार्श्वभूमीचे दहा फोटो, आणि पहिला पगार हातात पडेपर्यंत म्हणजे साधारण सहा आठवडे पुरतील एवढे पैसे. कंपनी राहायची जागा देत नसेल तर ही रक्कम हीच खरी तयारी.

आल्यावर: मेडिकल, बोटांचे ठसे, आयडी

आत आल्यापासून ६० दिवसांत रेसिडेन्सी पूर्ण व्हायला हवी. पळापळ कंपनीचा पीआरओ, म्हणजे सरकारी कागदपत्रांचं काम बघणारा माणूस, करतो. जुनी माणसं त्याला ‘मंदूब’ म्हणतात. तुम्ही तीन ठिकाणी स्वतः जायचं असतं: मेडिकल सेंटर, गरज पडल्यास बोटांच्या ठशांसाठी आयडी केंद्र, आणि टायपिंग सेंटर, जिथे अर्ज अरबीत भरला जातो. टायपिंग सेंटरमध्ये भरलेला अर्ज सबमिट करायच्या आधी स्क्रीनवर वाचून घ्या. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर आणि मोबाइल नंबर या चार गोष्टी. मोबाइल नंबर पीआरओचा टाकला गेला, तर पुढे प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो रजेवर गेला की तुमचं काम थांबतं.

सिम पासपोर्टवर मिळतं, पण ते पाहुण्याचं असतं. आयडी आल्यावर ते आपल्या नावावर कायम करून घ्या, नाहीतर नंबर बंद होतो आणि बँकेचं सगळं त्याच नंबरला जोडलेलं असतं.

एमिरेट्स आयडीवरचा नंबर १५ आकडी असतो, ७८४ ने सुरू होणारा. पुढचे चार आकडे तुमचं जन्मवर्ष. पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर २०२२ पासून बंद झाला, त्यामुळे हे कार्ड हाच तुमचा रेसिडेन्सीचा पुरावा. कार्ड कायम जवळ ठेवा, आणि पासपोर्ट स्वतःकडे. कंपनीने पासपोर्ट ठेवून घेणं इथे बेकायदा आहे; व्हिसाच्या कामापुरता दिला, तर दिल्याची पोच घ्या. कार्ड आलं त्याच दिवशी ‘यूएई पास’ ॲप चालू करा. सरकारी साइट, भाडेकरार, वीजजोडणी, सगळीकडे पुढे तेच लॉगिन लागतं.

पगाराचा कागद नीट वाचा

भारतातून सही केलेलं ऑफर लेटर आणि इथे नोंदवलेला करार यांतले आकडे एकच हवेत. हा करार कामगार मंत्रालयाकडे, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘मोहरे’कडे नोंदला जातो. मंत्रालयाचं ऑफर लेटर अरबी-इंग्रजीसोबत हिंदीतही मिळतं, मराठीत नाही. फ्री झोनमधली नोकरी असेल तर करार त्या झोनच्या प्राधिकरणाकडे असतो.

एकूण पगारापेक्षा ‘बेसिक’ किती आहे ते आधी पाहा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात: वर्षभर नोकरी पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचं बेसिक, त्यापुढे ३० दिवसांचं. पगार ४,००० दिरहॅम आहे समजा. बेसिक १,६०० असेल तर पाच वर्षांचे ५,६०० दिरहॅम होतात. बेसिक २,४०० असेल तर ८,४००. पगार तोच आणि काम तेच, फरक २,८०० दिरहॅमचा. ओव्हरटाइमही बेसिकवरच: २५ टक्के जास्त, रात्री १० ते पहाटे ४ असेल तर ५० टक्के. आठवड्याचे तास ४८.

प्रोबेशन सहा महिन्यांहून जास्त नसतं. त्या काळात नोकरी सोडून भारतात परतायचं असेल तर १४ दिवसांची लेखी नोटीस, इथेच दुसरी नोकरी धरायची असेल तर एक महिन्याची. न सांगता कामावर जाणं बंद करणं ही सगळ्यात महागडी चूक. सलग सात दिवस गैरहजर राहिलात तर कंपनी ‘फरार’ अशी तक्रार नोंदवू शकते, आणि ती लागली की नवा व्हिसा मिळणं कठीण होतं.

पगार बँकेतून, डब्ल्यूपीएस या सरकारच्या पगार-देखरेख यंत्रणेतूनच यायला हवा. ठरल्या तारखेनंतर १५ दिवस उलटले तर तो थकलेला धरतात. ‘थोडं कॅश देतो, बाकीचं पुढच्या महिन्यात’ असं दुसऱ्यांदा ऐकलं की थांबू नका. मंत्रालयाच्या ॲपवर किंवा ८००८४ वर तक्रार करा. भारतीय वाणिज्य दूतावासाच्या सहाय्यता केंद्राचा टोल-फ्री नंबर ८००-४६३४२, तिथे कायदेशीर सल्लाही मिळतो. बेरोजगारी विम्याची नोंदणी मात्र तुमची जबाबदारी: बेसिक १६,००० पर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहॅम आणि वर व्हॅट. एवढ्यासाठी विसरणारे ४०० दिरहॅम दंड भरतात.

घर

पहिल्या दोन महिन्यांत वर्षाचा करार करू नका. कामाची जागा, तिथे जायचा रस्ता आणि प्रोबेशनचा रंग कळेपर्यंत शेअरिंग रूम किंवा बेडस्पेस (खोलीतला फक्त एक पलंग भाड्याने) पुरे. कराम्यात, बर दुबईत, देऱ्यात, अल नाहदा आणि कुसैसमध्ये भारतीयांच्या अशा जागा भरपूर आहेत. शारजात भाडं कमी पडतं, पण सकाळी इत्तिहाद रोडवर जो वेळ जातो त्याचाही हिशेब धरा. नकाशावर २० मिनिटांचं अंतर सकाळी सात वाजता सहज दीड तासाचं होतं. शारजात कुटुंबांच्या वस्तीत ‘बॅचलर’ना राहायला मनाई असते, आणि बॅचलर म्हणजे अविवाहित नव्हे, कुटुंब सोबत नसलेला कोणीही.

जागा बघायला संध्याकाळी जा, सगळे रूममेट घरी असताना. बाथरूममागे किती माणसं, स्वयंपाकाची पाळी कशी, वीज-पाणी भाड्यात धरलंय का, हे तर विचाराच. शिवाय गादी उचला. मोबाइलचा टॉर्च लावून गादीच्या शिवणीत, लोखंडी बंक-बेडच्या सांध्यात आणि भिंतीला टेकलेल्या फळीच्या मागे बघा. मिरीच्या पुडीसारखे काळे ठिपके किंवा तांबूस डाग दिसले तर ढेकूण आहेत. मालक ‘काल फवारणी केली’ म्हणाला तरी ती जागा सोडा. एकदा कपड्यांच्या बॅगेत शिरले की ते पुढच्या तीन घरांत तुमच्यासोबत येतात. प्लायवूड लावून केलेली पार्टिशनची खोली स्वस्त पडते, पण परवानगीशिवाय केलेली पार्टिशनं बेकायदा आहेत. तपासणी आली की खोली रिकामी होते आणि डिपॉझिट घेणारा फोन उचलत नाही. पैसे देण्याआधी भाडेकरार कोणाच्या नावावर आहे ते पाहा आणि दुबईत त्या घराचा सहरहिवासी म्हणून आपली नोंद करून मागा.

स्वतःचं घर घ्यायची वेळ आली की चेकचा मामला सुरू होतो. भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांच्या एक, दोन, चार किंवा जास्त चेकनी दिलं जातं. चेक कमी तितकी घासाघीस करायला जागा जास्त. वर्षाचं भाडं ४८,००० दिरहॅम आणि चार चेक धरले, तर किल्ली हातात येण्याआधीचा खर्च असा: पहिला चेक १२,०००, बिनफर्निचर घराचं डिपॉझिट ५ टक्के म्हणजे २,४००, एजंटचं कमिशन ५ टक्के आणि त्यावर व्हॅट मिळून २,५२०, एजारी, म्हणजे भाडेकराराच्या सरकारी नोंदणीचे सुमारे २००, देवाचं, म्हणजे दुबईच्या वीज-पाणी खात्याचं, फ्लॅटसाठी डिपॉझिट २,००० आणि जोडणीचे शंभर-सव्वाशे. बेरीज १९,००० च्या वर जाते. ‘महिना चार हजार’ असा विचार करून निघालेला माणूस इथे अडकतो.

देवाच्या बिलात दुबईत आणखी एक रक्कम येते: वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी, बारा महिन्यांत वाटलेली. वरच्या उदाहरणात महिन्याला २००. आणि घर ‘चिलर फ्री’ आहे का हे विचारा. नसेल तर एसीचं बिल वेगळ्या कंपनीकडून वेगळं येतं, आणि जुलैत ते झोंबतं. एजारी ही दुबईची नोंदणी. शारजात करार नगरपालिकेकडून प्रमाणित करतात, अबू धाबीत तौथीक. ही नोंद नसेल तर वीजही जोडत नाहीत आणि कुटुंबाचा व्हिसाही होत नाही. नूतनीकरणाच्या वेळी अटी बदलायच्या असतील तर घरमालकाने ९० दिवस आधी कळवायला हवं. भाडं किती वाढवता येतं ते दुबईच्या सरकारी भाडे-निर्देशांकात टाकून बघता येतं.

घर ताब्यात घेताना प्रत्येक भिंतीचा, ओट्याचा आणि एसीच्या जाळीचा तारीख दिसेल असा व्हिडिओ करा. वर्षाने डिपॉझिट परत मागताना तोच एक साक्षीदार असतो. इमारतीच्या नातूरशी, म्हणजे वॉचमनशी, ओळख ठेवा. कुठला फ्लॅट रिकामा होतोय हे एजंटच्या आधी त्याला कळतं.

बँक आणि गावाकडे पैसे

आयडी, पगाराचं पत्र आणि सिम झालं की खातं. किमान शिल्लक किती हे विचारूनच उघडा. अनेक बँकांत ती ३,००० दिरहॅम असते आणि खाली गेली की दर महिन्याला दंड कापतात. पगारखात्याला ही अट सहसा नसते. चेकबुक नव्या माणसाला लगेच मिळेलच असं नाही, म्हणून घरमालकाला चेकची तारीख देण्याआधी बँकेत विचारा. चेक परत गेला तर आता बहुतेक वेळा थेट पोलीस केस होत नाही, पण कोर्टातून वसुली, खातं गोठणं आणि प्रवासबंदी हे सगळं होऊ शकतं. नोकरी लागून महिना झाला की क्रेडिट कार्ड विकणारे फोन सुरू होतात. पहिलं वर्षभर नको म्हणा.

दिरहॅम डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपयाचा खरा भाव काढणं सोपं आहे: डॉलरचा भाव भागिले ३.६७२५. डॉलर ९० रुपये असेल तर दिरहॅम साधारण २४.५०. एक्स्चेंज हाउसचा दर याहून किती पैसे खाली आहे, तीच त्यांची खरी कमाई. वरची फी वेगळी. दर आठवड्याला पाचशे पाठवण्यापेक्षा महिन्याला एकदा दोन हजार पाठवलं तर तीन फी वाचतात. हुंडीने पाठवू नका, दर कितीही गोड असला तरी.

भारतातलं साधं बचतखातं आता तसंच चालू ठेवता येत नाही. फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमाने ते एनआरओ (अनिवासी भारतीयाचं भारतातल्या पैशांसाठीचं खातं) करावं लागतं. इथली कमाई एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीच्या) खात्यात पाठवा. त्यावरचं व्याज भारतात करमुक्त असतं आणि पैसे परत बाहेर नेता येतात.

ये-जा

मेट्रो-बसच्या भाड्यासाठी लागणारं नोलचं सिल्व्हर कार्ड २५ दिरहॅमला मिळतं, त्यात १९ शिल्लक असते. मेट्रो आणि बसचं भाडं एका झोनमध्ये ३, लगतच्या दोन झोनमध्ये ५, त्यापुढे ७.५० दिरहॅम. रोजचा लांबचा प्रवास असेल तर ३० दिवसांचा पास काढा. मेट्रोत खाणं-पिणं, च्युइंगम, आणि महिलांच्या डब्यात पुरुषाने उभं राहणं, प्रत्येकी १०० दिरहॅम दंड. डब्याच्या फरशीवर गुलाबी पट्टा असतो, गर्दीत पाय कुठे आहेत ते बघा. रस्ता कुठूनही ओलांडला तर ४००.

भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही. क्लासचे तास, थिअरी, पार्किंग आणि रस्त्याची परीक्षा असा पूर्ण रस्ता आहे. जुनं लायसन्स असेल तर दुबईत तास कमी लागतात. पुण्या-मुंबईत वीस वर्षं गाडी चालवलेले लोक रस्त्याच्या परीक्षेत नापास होतात, कारण आरशात बघणं आणि लेन बदलताना मान वळवून पाहणं अंगात नसतं. दारू पिऊन चालवण्याला इथे शून्य सूट आहे, एका बिअरचीही नाही.

रोजचं

आजारी पडायच्या आधी विम्याच्या ॲपमध्ये आपल्या नेटवर्कमधलं जवळचं क्लिनिक शोधून ठेवा. बेसिक पॉलिसीत बिलाचा काही हिस्सा आपल्याला भरावा लागतो आणि नेटवर्कबाहेर गेलं तर सगळंच.

व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, कॉल सहसा लागत नाही. घरच्यांच्या फोनवर निघण्यापूर्वी बोटिम हे कॉलचं ॲप बसवून द्या. घड्याळ दीड तास मागे आहे हेही आईला सांगून ठेवा, नाहीतर पहाटे साडेचारला फोन वाजतो. कोणाचा परवानगीशिवाय फोटो काढणं, ग्रुपवर शिवी देणं, आजारी मित्रासाठी स्वतःहून वर्गणी गोळा करणं, या तिन्ही गोष्टी आपल्याकडे सहज होतात आणि इथे गुन्हा ठरतात. मदत परवाना असलेल्या संस्थेतूनच करा.

ज्वारी-बाजरीचं पीठ, कोकम, भाजणी यांची चिंता नको. अल आदिलसारखी मराठी माणसाने वाढवलेली दुकानं आहेत. गॅस, पाण्याचे मोठे कॅन आणि रोजची भाजी खालचा बकालावाला, म्हणजे किराणा दुकानदार, फोन केला की वर आणून देतो. पूजेची फुलं बर दुबईच्या जुन्या मंदिराजवळच्या गल्लीत मिळतात.

उन्हाळ्यात मे-जूनपासून थंड पाण्याच्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं, कारण टाकी गच्चीवर उन्हात तापते. तेव्हा गीझर बंद करायचा. त्याची टाकी घरात, एसीच्या गारव्यात असते; त्यातलं पाणी निवून राहतं. मग अंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडायचा, गार पाणी त्यातून येतं. सगळ्यांच्या एकामागोमाग अंघोळी झाल्या तर मात्र शेवटच्याला चटकाच बसतो.